विहीणबाईंचा शिवलेला डबा

न्यूझीलंडहून परत आले त्याला आता दोन महिने होतील. कोपरगावात अजून एकानंही मला तिथल्या डोंगरांबद्दल विचारलेलं नाही, समुद्राबद्दल तर नाहीच. दूध घालायला जा नाहीतर किराणा आणायला जा, बायकांचा प्रश्न ठरलेला: बाई, सामानातनं काय काय नेऊ देतात हो? घरटी एखादं पोर कुठल्या ना कुठल्या देशात गेलेलं आहे आणि त्याच्या आईला लोणच्याची काळजी आहे. तेव्हा एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे माझा घसा तरी वाचेल. बाळंतपण नीट झालं, नात झाली, दोघी सुखरूप आहेत, हेही आधीच सांगते. उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको.

मी झेडपीच्या शाळेत जन्मभर शिकवलं. मुलगा निखिल न्यूझीलंडात हॅमिल्टन नावाच्या गावी नोकरी करतो. सून रोहिणी अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. दोघं संगमनेरला एका कॉलेजात होते, तिथंच त्यांचं जमलं, आम्ही नंतर अक्षता टाकल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. पण रोहिणीला विमानात बसायची डॉक्टरनं बंदी केलेली, आणि तिच्या आईला तिकडं जाता येईना, कारण त्यांची सासू अंथरुणाला खिळलेली. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नाही. राहिले कोण, तर मी. आमचे हे चार गाई सोडून यायला तयार नव्हते, आणि मीही फार आग्रह केला नाही.

कोपरगाव

बॅगा दोन, प्रत्येकी तेवीस किलो. ह्यांनी गोठ्याच्या आढ्याला ताणकाटा टांगला आणि बॅग त्याला अडकवली. मी सामान काढतेय, घालतेय, हे आकडा वाचताहेत आणि चारी गाई माना वळवून बघताहेत. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, कुरडया. आणि माझा अभिमान म्हणजे डिंकाचे लाडू, साठ, घरच्या तुपातले. तूप असं घातलेलं की लाडू उचलला तर बोटं चमकावीत.

जो तो सल्ला द्यायला येत होता. शेजारच्या काकूंनी सांगितलं, विमानात कागद देतात, त्यावर 'खाण्याचं काही आहे का' असं विचारतात, तिथं बिनधास्त नाही म्हणून खूण करायची. त्यांच्या भाच्यानं असंच केलं म्हणे. मी म्हटलं, काकू, पोरांना खोटं बोलू नका सांगण्यात माझं आयुष्य गेलं, आता परक्या मुलखात जाऊन मी ते काम सुरू करू का? काकूंना राग आला. येऊ दे.

अकोल्याच्या डोंगरात

निघायच्या आठ दिवस आधी विहीणबाईंचा निरोप आला, लेकीसाठी थोडं द्यायचंय. मी एसटीनं संगमनेरला गेले, तिथनं दुसरी एसटी अकोल्याला, पुढं जीप. आमच्याकडं सपाट रान आणि नजर जाईल तिथवर ऊस. अकोल्याच्या पुढं रस्ता वळायला लागला की जग बदलतं. भाताची कापणी नुकतीच उरकली होती, खाचरं रिकामी झालेली, खळ्यावर पेंढ्याच्या उडव्या आणि हवेत ओल्या पेंढ्याचा वास. मला तो मुलूख आवडतो, हे मी विहीणबाईंना कधी सांगितलं नव्हतं.

विहीणबाई कमी बोलणारी बाई. मी एक वाक्य बोलायच्या ऐवजी दहा बोलते आणि त्या दहाच्या ऐवजी मान हलवतात. लग्न झाल्यापासून आमचं असंच चाललेलं. त्यांनी नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी वाढली, सासूबाईंना आत जाऊन भरवून आल्या आणि मग डबा आणून माझ्यापुढं ठेवला. स्टीलचा, पाच लिटरचा, झाकणासकट मांजरपाटाच्या कापडात शिवून टाकलेला. कुठं फट नाही की गाठ नाही.

आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "लाडू हायती. दुसरं काय असनार." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ईनबाई, माझं येवढं एक ऐका. ह्यो डबा रोहिनीच्याच हातनं उघडू द्या. शुक्कीरवारी उघडा, मी फोनवर असंन. तुमीबी उघडू नका."

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईला जाता येत नाही, जाणार आहे सासू. त्या बाईचं सगळं जाणं त्या एका डब्यात होतं. मी शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण घरी येऊन काट्याला लावला तर डबा साडेचार किलो. माझ्या सगळ्या कुरडया बाहेर आल्या, बाजरीचं पीठ निम्मं झालं. मी भरपूर कुरकुर केली. हे म्हणाले, तुझे लाडू काढ की थोडे. मी त्यांच्याशी दोन तास बोलले नाही.

ऑकलंड, मंगळवार

मुंबईचं विमानतळ, मधला थांबा, सुजलेले पाय, यात कुणाला सांगण्यासारखं काही नाही. उतरायच्या आधी कागद आला. मी चष्मा लावून वाचला आणि खाण्याच्या पुढं ठसठशीत 'हो' अशी खूण केली. शेजारचा माणूस माझ्याकडं दयेनं बघत होता.

सामान घेऊन रांगेत उभी राहिले तर एक छोटं कुत्रं आलं, अंगात जाकीट घातलेलं. माझ्या बॅगेभोवती फिरलं आणि गपकन खाली बसलं. भुंकणं नाही, ओरबाडणं नाही. त्याला धरणाऱ्या मुलीनं मला हसून दुसऱ्या रांगेत जायला सांगितलं. इतकं सभ्य कुत्रं मी आमच्या तालुक्यात पाहिलेलं नाही.

त्या रांगेच्या टोकाला टेबलामागं एक उंच, धिप्पाड बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची म्हणावी अशी. त्या देशातले मूळचे जे माओरी लोक, त्यांच्यातली. तिच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं. अकोल्याच्या जुन्या बायांच्या कपाळावर, हातावर गोंदण असतं, ते बघायची मला सवय, म्हणून मला तिची भीती वाटली नाही. इंग्रजी मला येतं, पण ते चौथीच्या वर्गाला शिकवायचं इंग्रजी. ती मात्र माझं प्रत्येक वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत होती. आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीवर एवढा धीर मला दाखवा.

तिनं मसाला हुंगला, चटणी बघितली, पीठ चाळून पाहिलं आणि बाजूला ठेवलं, चालेल. मग माझ्या लाडवांचा डबा उघडला. यात काय आहे? मी छाती पुढं काढून सांगितलं, घरच्या म्हशीचं तूप. म्हशी आमच्या नाहीत, दिराच्या, पण तेवढं चालतं. ती थांबली. घरी केलेलं दुधातुपाचं काही आत सोडता येत नाही म्हणाली, इथल्या गाईंना रोग लागला तर सगळा देश बसेल. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. साठच्या साठ लाडू तिनं दोन हातांनी उचलून पिंपात ठेवले. फेकले नाहीत, ठेवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण घरी चार गाई आहेत, लाळ-खुरकत म्हणजे काय ते मी पाहिलेलं आहे. तिचं बरोबर होतं.

मग तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. सगळं सामान तुम्ही स्वतः भरलंय का, आत काय आहे ते सगळं तुम्हाला माहीत आहे का?

तोंडात 'हो' आलेला होता. मुंबईत हाच प्रश्न विचारला होता आणि मी बेधडक हो म्हणून आले होते, विचारसुद्धा न करता. आता ते सगळे लाडू पिंपात बघितल्यावर माझी जीभ अडली. आत काय आहे ते मला कुठं माहीत होतं? आणि सांगितलं तर ती डबा उघडणार. विहीणबाईंना दिलेला शब्द जाणार, आणि लाडू तुपातले असतील तर तेही जाणार. मग ती आई तिकडं डोंगरात शुक्रवारी फोन धरून बसेल आणि इकडं तिच्या लेकीला दाखवायला काही उरणार नाही. त्या बाईनं घाई केली नाही.

शेवटी सांगितलं, "एक डबा मी भरलेला नाही. आत लाडू आहेत असं मला सांगितलंय. मी पाहिलेले नाहीत."

सांगितलंत ते बरं केलंत, असं ती म्हणाली. मग मी तिला शब्दाची गोष्ट सांगितली, विनवणी केली की माझी सून गरोदर आहे, तिच्याच हातानं उघडायचाय, तिच्या घरी येऊन बघा हवं तर. ते शक्य नव्हतं. ती म्हणाली, उघडावा लागेलच, तुम्ही उघडता की मी उघडू? मी म्हटलं, तुम्ही उघडा. मी उघडणार नाही असा माझा शब्द होता. एवढी पळवाट मी काढली, कबूल करते.

तिनं सगळं कापड टरकावलं नाही. बारीक कात्रीनं एका बाजूचे टाके एकेक करून कापले आणि कापड सोलून बाजूला केलं. झाकण निघालं. लाडू काळपट, लहान, एकसारखे वळलेले. नागली, शेंगदाणे, खारीक, खुरासणी आणि गूळ. तिनं एक फोडून कागदावर दाबला, तुपाचा डाग उमटला नाही. तूप नव्हतंच.

बाळंतिणीच्या लाडवात तूप नाही, आणि डबा शिवून टाकलेला. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. लग्नाच्या वेळी त्यांच्या घरी पोळी खाताना मी चार बायकांत म्हणाले होते की आमच्याकडं पोळीवर तुपाची धार धरतात. मी सहज म्हणाले होते. सहज म्हणजे काय, मला नीट माहीत आहे, मी दाखवायलाच म्हणाले होते. त्या बाईला लेकीसाठी लाडू पाठवायचे होते आणि ते मी बघायला नको होते. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लाडू चालतील, ती म्हणाली. मी सुटकेचा श्वास घेतला, तोवर तिचा हात डब्याच्या तळाशी गेला. लाडवांच्या खाली खणाचं कापड होतं, पुरचुंडी बांधलेली. सोडली तर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि किडा लागू नये म्हणून कडुनिंबाची हिरवी डहाळी. ओटी होती. आईला येता आलं नाही म्हणून आईनं ओटी पाठवली होती.

त्या बाईचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. खाली लपवून का ठेवलंय म्हणाली. आता ओटी इंग्रजीत कशी सांगायची? मी माझा पदर पुढं धरला, त्यात हवेतले तांदूळ घालून दाखवले, पोटावर हात फिरवला, आई म्हटलं, मुलगी म्हटलं, दूर म्हटलं. मागच्या रांगेतली माणसं बघत होती, बघू देत. ती सगळं ऐकून घेत राहिली. मग तिनं तांदूळ पांढऱ्या ताटात ओतले, दिव्याखाली धरले आणि चिमट्यानं एक दाणा उचलून मला दाखवला. घरी कांडलेले तांदूळ ते, त्यात सालासकट भाताचे दाणे राहिलेले. हा उगवू शकतो, म्हणून नाही, असं तिनं सांगितलं.

मी म्हटलं, निवडून दिले तर?

तिला कळेना. मी ताट पुढं ओढलं आणि बोटानं दाखवलं, हा इकडे, हा तिकडे. ती आत जाऊन कुणाला तरी विचारून आली. म्हणाली, एक ओंजळभर, तेही माझ्या समोर, आणि प्रत्येक दाणा मी तपासणार. मग मी त्या परक्या विमानतळावर उभ्यानं तांदूळ निवडले. सूप नाही, पाखडायला नाही, नुसतं बोट आणि चष्मा. ती भिंग घेऊन माझ्या शेजारी. तिला माझ्या हातून सुटलेला एक दाणा सापडला आणि मी शाळकरी पोरीसारखी ओशाळले. निवडता निवडता तिनं सांगितलं की तिच्या लोकांत मूल जन्मलं की त्याची वार आपल्या जमिनीत पुरतात. मी म्हटलं, आमच्याकडच्या जुन्या बायाही पुरायच्या. दोघींना फार बरं वाटलं.

हळकुंड, सुपारी, डहाळी आणि उरलेले तांदूळ गेले. निवडलेले ओंजळभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी तिनं परत त्या खणात बांधून दिली. गाठ मात्र तिला जमली नाही, ती मी घातली.

हॅमिल्टनची वाट

निखिल न्यायला आला होता. रोहिणी घरीच. ऑकलंडपासून दीड तास, आणि दोन्ही बाजूंनी जे हिरवं दिसलं ते मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आमच्या उसाचं हिरवं गडद, पाणी पिऊन फुगलेलं. हे मऊ, टेकड्यांवर पसरलेलं, आणि त्यात मोकळ्या गाई. कुणी राखण करणारं नाही. पण मी बाहेर निम्मंच बघत होते, कारण मी बॅगेतनं सुई-दोरा काढून मांडीवर डबा घेतला होता. निखिल म्हणाला, आई, राहू दे ना तसाच. मी म्हटलं, तू गाडी चालव.

चालत्या गाडीत मी तो शिवला. बोटाला दोनदा टोचून घेतलं. हनुवटीवर गोंदलेल्या बाईसमोर खरं बोलून आलेली मी, आणि तासाभरात पुरावा झाकत होते. रोहिणीला मी रात्री जेवताना एवढंच सांगितलं की माझे लाडू काढून घेतले. ती हळहळली. डबा कपाटात ठेवला.

बुधवार आणि गुरुवार

बुधवारी एकटीच फिरायला निघाले. रस्त्यात जो भेटेल तो हसून नमस्कार करतो. पहिल्यांदा वाटलं आपलं काही विसकटलंय की काय, म्हणून साडी बघितली. बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला धन्यवाद देऊन उतरतो. मला हे फार आवडलं. परत आल्यावर मी एसटीत तसं केलं, तर ड्रायव्हरनं विचारलं, मावशी, काही राहिलं का आत?

गुरुवारी निखिल एका गोठ्यावर घेऊन गेला. गोठा म्हणायची सवय म्हणून म्हणते, नाहीतर तिथं गोठा नव्हताच. साडेतीनशे गाई कुरणात, बारा महिने उघड्यावर. वेळ झाली की त्या आपल्याआपण रांगेनं दूध काढायच्या जागी येतात. आमच्या चौघींना गोठ्यातून बाहेर काढायचं तर ह्यांना निम्मं गाव गोळा करावं लागतं. मालक आणि मालकीण दोघंच सगळं बघतात, मालकीणबाई गुडघ्यापर्यंत बूट घालून शेणात उभ्या. मी गाईंची नावं विचारली. नावं नसतात, नंबर असतात, असं त्या म्हणाल्या आणि मी हिरमुसले. मग त्यांनी एक गाय लांबून ओळखून दाखवली, हिला पाठीवर हात फिरवलेला चालत नाही, हिची आईसुद्धा अशीच होती. म्हटलं मग ठीक आहे. निघताना त्यांनी केक आणि चहा दिला. चहात साखर नव्हती आणि मी मागितलीही नाही, एवढा त्यांचा मान मला वाटला.

हे सगळं बघत होते, पण कपाट उघडलं की डबा दिसायचा. रोहिणी येता जाता त्याच्यावर हात ठेवायची. एकदा म्हणाली, आई, आत काय असेल हो? मी चपात्या लाटतेय असं दाखवलं.

शुक्रवार

दुपारी तीनला आम्ही बसलो. अकोल्यात तेव्हा सकाळचे साडेसात. विहीणबाईंच्या घरात रेंज नाही, घरामागच्या टेकाडावर येते. त्या तिथं दगडावर बसल्या होत्या आणि फोन इतका जवळ धरलेला की आम्हाला नुसतं कपाळ आणि कुंकू दिसत होतं. रोहिणीनं फोन साखरेच्या बरणीला टेकवला, डबा पुढं घेतला, कात्री उचलली.

"थांब," विहीणबाई म्हणाल्या. "डबा जरा जवळ धर."

रोहिणीनं धरला. विहीणबाई बघत राहिल्या. जन्मभर गोधड्या शिवणारी बाई ती. त्यांच्या तीन बाजूंचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, आणि चौथ्या बाजूचे माझे, पोत्याचं तोंड शिवल्यासारखे.

"हे टाकं माझं न्हाईत," त्या म्हणाल्या.

निखिल उठून पाणी प्यायला गेला. रोहिणी माझ्याकडं बघायला लागली. कस्टमवाल्या बाईनं उघडला, असं सांगून मला सुटता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण मी सगळं सांगितलं. मी त्या बाईला डब्याबद्दल कसं सांगितलं, तिनं तो कसा उघडला, आणि गाडीत बसून मी तो परत कसा शिवला, तुम्हाला कळू नये म्हणून. माफ करा म्हटलं.

त्यांनी फोन आणखी जवळ घेतला. मग त्या म्हणाल्या, "मंग आत काय हाय त्ये तुमी बघितलं."

"बघितलं."

"म्हस आटली हुती, ईनबाई. इकतचं तूप लेकीच्या लाडवात घालू वाटंना. आन् तुमच्याकडं तर धार धरत्यात."

म्हणजे त्या वाक्य विसरल्या नव्हत्या. मी म्हटलं, "विहीणबाई, ते मी तेव्हा बोलायला नको होतं. आणि माझं तूप सगळं तिकडं पिंपात गेलं. साठ लाडू गेले. या घरात बाळंतिणीला लाडू आहेत ते फक्त तुमचे."

"सगळं गेलं?"

"एकही राहिला नाही."

पलीकडं फोन हलायला लागला. मला वाटलं त्या रडताहेत. त्या हसत होत्या. लग्न झाल्यापासून मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदा ऐकलं, टेकाडावरचं कुत्रं भुंकायला लागलं. रोहिणी पोट धरून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग तिनं सगळे टाके कापले, आधी माझे, मग आईचे, आणि झाकण स्वतःच्या हातानं काढलं.

तळाची पुरचुंडी निघाली तेव्हा रोहिणीनं तिची गाठ सोडली. मी सांगितलं, हळकुंड आणि सुपारी तिकडंच राहिलं. तांदूळ निवडल्याचं सांगितलं तेव्हा विहीणबाईंनी दोनदा विचारलं, ईमानतळावर? उभ्यानं? मग म्हणाल्या, "तुमच्या हातानं भरा वटी. मी हितनं बघते."

मी रोहिणीच्या पदरात ओटी घातली. ओंजळभर तांदूळ, पाच वेळा थोडे थोडे करून घातले, म्हणजे पुरले. तिची आई टेकाडावरून बघत होती. या वेळी फोन लांब धरला होता, सगळा चेहरा दिसत होता.

रोहिणीनं लाडू उचलला तर विहीणबाई म्हणाल्या, आधी सासूला दे. मी घेतला. नागली खमंग भाजलेली, खुरासणीचा किंचित कडवट वास, मधे खारकेचा तुकडा दाताखाली येतो आणि गूळ मागाहून जिभेवर उतरतो. तुपाची आठवणसुद्धा होत नाही. विहीणबाईंनी विचारलं, कसा झालाय? त्या वाट बघत होत्या. मला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं, पण गूळ दाताला चिकटलेला. मी नुसता सुनेपुढं हात पसरला.

"दे गं," पलीकडून आवाज आला. "दोन दे त्यांला."